दिवाणखान्यातले अंतराळयुग

अंतराळयुगीन फर्निचर ढोबळमानाने १९५७ ते १९७३ या काळातले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. या दोन घटनांच्या आगेमागे युरोप-अमेरिकेतील रचनाकारांनी खुर्ची, टेबल, कपाट आणि दिवा यांची जुनी चौकट मोडली. चार पायांच्या जागी एकच खांब आला, लाकडाच्या जागी फायबरग्लास आणि प्लास्टिक आले, सांधे दिसेनासे झाले, कडा वळल्या. पन्नास वर्षांनंतर तीच वळणे पुन्हा घरांत आली आहेत. पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरमध्ये कुणाल आयकॉन रस्ता, शिवार चौक, कोकणे चौक या भागांतील सोसायट्यांमध्ये नव्याने सजवलेल्या फ्लॅटांत जेवणाच्या टेबलावर काचेच्या गोळ्यांचे झुंबर, कोपऱ्यात भूछत्रासारखा दिवा, एका पायावरचे पांढरे गोल टेबल किंवा जाड गादीच्या घड्या घातल्यासारखा बुटका सोफा दिसू लागला आहे.

या वस्तू पाहून चित्रपटातील यानाची आठवण येते, पण त्यांचा आकार यानाच्या चित्रावरून आलेला नाही. तो साच्यातून आला. फर्निचर सुताराच्या हातून निघून डाय, प्रेस आणि मोल्डिंग मशीनकडे गेले, तेव्हा त्याचे रूप पालटले. ज्या पट्ट्यात मोटारीचा डॅशबोर्ड, सीटचा फोम आणि हेडलॅम्पची काच तयार होते, त्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील माणसाला ही शैली समजायला म्हणूनच सर्वांत सोपी आहे.

एका पायाची ट्यूलिप खुर्ची एरो सारिनेन याने अमेरिकेत केली. ती १९५७ मध्ये बाजारात आली. टेबलाखाली खुर्च्यांच्या पायांची जी गर्दी होते, ती त्याला नकोशी होती. वरचा कटोरा फायबरग्लासचा आणि खालचा दांडा ओतीव ॲल्युमिनियमचा, दोन्हींवर एकच पांढरा रंग. दोन वेगळे पदार्थ एकाच रंगाखाली झाकावे लागले, कारण सगळी खुर्ची एकाच पदार्थाची करणे त्याला तेव्हा जमले नाही. त्या दांड्यावर माणसाचे वजन पेलण्याइतके मजबूत प्लास्टिक अजून हाती नव्हते. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनने ते साधले. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली, मागे पाय नसलेली, अखंड एका तुकड्याची त्याची खुर्ची १९६७ मध्ये व्हिट्रा कंपनीने काढली. पुढे तिचे प्लास्टिक अनेकदा बदलावे लागले. १९७० च्या दशकात वापरलेले एक प्लास्टिक काही वर्षांत तडकू लागले, म्हणून उत्पादन थांबवावे लागले. १९९९ पासून ती पॉलिप्रोपिलीनमध्ये मिळते. आकार तोच राहिला, पण त्याला पेलणारा पदार्थ सापडायला तीस वर्षे गेली. इटलीत जो कोलंबोने कार्टेल कंपनीसाठी केलेली युनिव्हर्साले ही खुर्ची १९६७ मध्ये आली. मोठ्या माणसाने बसायची, पूर्णपणे इंजेक्शन मोल्डिंगने तयार झालेली ती पहिल्या काही खुर्च्यांपैकी एक. तिच्या पाठीतील भोक नक्षी म्हणून पाडलेले नव्हते. साच्यातून खुर्ची सुटी करताना ते उपयोगी पडे.

गोलाई का आली, याचे उत्तर इथे सापडते. वितळलेला प्लास्टिकचा दाणा साच्यात दाबाने शिरतो, तेव्हा काटकोनी कोपऱ्यात त्याचा प्रवाह अडखळतो. थंड झाल्यावर त्याच कोपऱ्यात ताण साठतो आणि वस्तू तिथूनच तडकते. साच्यातून ती सहज बाहेर यायची तर तिच्या बाजू किंचित तिरप्या ठेवाव्या लागतात. सपाट पत्रा लगेच लवतो, वळवला की ताठ होतो. चाकणच्या कोणत्याही मोल्ड डिझायनरला हे नियम तोंडपाठ असतात. अंतराळयुगीन खुर्ची म्हणजे या नियमांना शरण न जाता त्यांचेच सौंदर्य केलेली वस्तू, आणि या शैलीचे मोठेपण त्यातच आहे.

फिनलंडच्या एरो आर्नियोची बॉल खुर्ची याच काळातली. १९६३ मध्ये कल्पिलेली ही खुर्ची १९६६ च्या कोलोन येथील फर्निचर प्रदर्शनात जगाला दिसली. फायबरग्लासच्या मोठ्या गोळ्याचा एक काप काढून आत गादी बसवलेली. आत बसले की बाहेरचा आवाज मंदावतो. १९६८ मध्ये त्याने तीच कल्पना पारदर्शक केली: ॲक्रिलिकचा पत्रा तापवून साबणाच्या फुग्यासारखा फुगवला, त्याला स्टीलचे कडे बसवले आणि तो छताला टांगला. पारदर्शक गोळ्याला शोभेल असा पाय त्याला सापडला नव्हता. मराठी घराला टांगलेली बैठक नवी नाही. कड्यांचा झोपाळा वाड्यांच्या माजघरात आणि ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या झुलत आला आहे, आणि आर्नियोचा फुगा त्याचा दूरचा भाऊच आहे.

दुसरी वाट फोमची होती. आर्ने याकोबसेनने कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलासाठी १९५८ मध्ये केलेल्या एग आणि स्वान या खुर्च्यांत घट्ट फोमच्या कवचावर कापड ताणले होते. फ्रान्सच्या पिएर पोलॅने लोखंडी सांगाड्यावर फोम आणि त्यावर ताणले जाणारे विणलेले कापड चढवले. १९६७ ची जिभेसारखी लवलेली टंग खुर्ची त्याचीच. मिशेल द्युकारोआचा टोगो सोफा १९७३ चा. आत सांगाडाच नाही, फक्त निरनिराळ्या घनतेचे फोम आणि वरून चुण्यांचे आवरण. सध्या भारतात ज्या बुटक्या सोफ्याच्या नकला विकल्या जातात, तो हाच. लोड-तक्क्याच्या बैठकीवर वाढलेल्या माणसाला त्यावर बसायला शिकावे लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना मात्र त्यावरून उठता येत नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवायला हवे.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटात अंतराळस्थानकातील लाल खुर्च्या ऑलिव्हिए मूर्गच्या होत्या, बाजारात आधीच मिळणाऱ्या. त्या पडद्यावर दिसल्या आणि ही शैली भविष्याची खूण ठरली. ते भविष्य फार टिकले नाही. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव सुमारे चौपट झाले, प्लास्टिक महागले आणि लोक पुन्हा लाकडाकडे वळले.

या काळात महाराष्ट्रात काय चालले होते? अंतराळाचे आकर्षण इथे कमी नव्हते. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच तारांगण सुरू झाले होते. चांद्रमोहिमेवरून परतलेले तिघे अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांना पाहायला प्रचंड गर्दी लोटली. घरातले फर्निचर मात्र सागवानी किंवा पत्र्याचेच राहिले. आयातीवर कडक परवाने होते, प्लास्टिकचा दाणा दुर्मिळ होता, आणि घरात गोल खुर्ची आणण्याआधी धान्याची कोठी आणि गोदरेजचे कपाट यांना जागा करावी लागे. त्या कपाटाचा पुढचा इतिहास विलक्षण आहे. १९२३ पासून पोलादी कपाटे करणाऱ्या गोदरेज अँड बॉइसने पुढे विक्रोळीतच इस्रोसाठी विकास इंजिने तयार केली. २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या प्रक्षेपकातही विकास इंजिने होती. त्याच प्रक्षेपकाच्या बूस्टरचे भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुरवले. ज्या घरात लग्नात आलेले ते कपाट अजून उभे आहे, त्या घरात अंतराळयुग खरे तर केव्हाच पोचले आहे.

या पट्ट्यात मोडलेली चौकट आधी रस्त्यावर दिसली. आकुर्डीत बजाज ऑटोने इटलीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बांधायला घेतली. व्हेस्पाचा रचनाकार कोराडिनो दास्कानियो मूळचा विमाने आणि हेलिकॉप्टर करणारा अभियंता होता. वेगळा सांगाडा नसलेले, दाबून वळवलेल्या पत्र्याचेच अंग आणि एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक या गोष्टी त्याने विमानावरून घेतल्या. अंगच सांगाडा ही कल्पना पुढे पँटनच्या खुर्चीतही आहे. १९७२ मध्ये आलेल्या कायनेटिकच्या मोपेडचे नाव होते लूना, लॅटिनमध्ये चंद्र. हमारा बजाजच्या गोल पाठीवर लहानपणी हात फिरवलेल्या पिढीला ही वळणे परकी वाटायचे कारण नाही.

आणि प्लास्टिकची एका तुकड्याची खुर्ची? तीही आली, पण डिझायनर खुर्ची म्हणून नव्हे. फ्रान्समध्ये आंरी मासोनेने १९७२ मध्ये फोतेय ३०० ही अखंड खुर्ची केली, आणि तिच्या वंशातल्या खुर्च्या जगभर पसरल्या. लग्नाचा हॉल, गणपतीचा मांडव, सोसायटीची वार्षिक सभा, चहाची टपरी, दशक्रियेचा घाट अशा कोणत्याही जागी एकावर एक रचलेल्या ज्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्या याच घराण्यातल्या. पॉलिप्रोपिलीनचा दाणा, एक साचा आणि जेमतेम मिनिटभराचे काम. सगळ्यांना परवडेल असे मोल्डेड फर्निचर हे १९६० च्या दशकातील रचनाकारांचे स्वप्न होते. ते व्हिट्राच्या दुकानात पुरे झाले नाही, मांडवात पुरे झाले. या खुर्चीला घरात कमीपणा मिळतो हा अन्याय आहे. बाल्कनीत दोन चांगल्या रंगाच्या अखंड खुर्च्या ठेवणे हे अंतराळयुगाशी जास्त प्रामाणिक आहे.

दिव्यांच्या बाबतीत ही शैली आजही सर्वांत ताजी वाटते. स्पुटनिक झुंबराचे नाव उपग्रहावरून पडले, रूप मात्र पूर्णपणे त्याचे नाही. खरा स्पुटनिक ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा, फक्त चार ॲन्टेना असलेला ॲल्युमिनियमचा गोळा होता. चहूकडे काड्या फुटलेले झुंबर रसायनशास्त्राच्या वर्गातील रेणूच्या प्रतिकृतीच्या अधिक जवळचे आहे. जीनो सार्फात्तीने १९५८ मध्ये केलेल्या २०९७ या झुंबरात जुन्या मेणबत्तीच्या झुंबरातून दागिने काढून टाकले आणि दांडा, हात, वायर आणि उघडे बल्ब एवढेच ठेवले. विको माजिस्त्रेतीचा एक्लिसे हा छोटा दिवा १९६५ चा. आतली अर्धगोल वाटी फिरवली की ग्रहणासारखा उजेड झाकत जातो. त्याला १९६७ मध्ये इटलीचा कोम्पासो द’ओरो हा पुरस्कार मिळाला. पँटनच्या फ्लॉवरपॉटमध्ये दोन अर्धगोल समोरासमोर टांगले आहेत, मोठा लहानाच्या दुप्पट; बल्ब लहान वाटीत लपतो आणि उजेड मोठ्या वाटीवरून परततो. त्याच्या १९७१ च्या पँथेला दिव्यात तर खालचा तुतारीसारखा पायही उजेड परतवतो. डोळ्याला बल्ब दिसता कामा नये, फक्त उजळलेला पृष्ठभाग दिसावा, हे या सगळ्यांचे सूत्र.

हे दिवे घडवण्याची कारागिरी ओळखीची आहे. धातूच्या अर्धगोल वाट्या स्पिनिंगने होतात: फिरत्या साच्यावर पत्रा दाबत दाबत पसरवायचा. पातेली आणि डबे याच रीतीने निघतात. काचेचा गोळा फुंकून होतो आणि दुधी काचेमुळे उजेड सर्वत्र सारखा पसरतो. चिंचवडहून लोकलने थोड्या वेळात गाठता येणाऱ्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीवर पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे काचकाम शिकवलेही जाई. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. वाड्याच्या दिवाणखान्यात टांगलेली हंडी, कंदिलाची काच आणि आजचा दुधी गोळा एकाच रेषेत उभे करता येतात.

पूर्वी या दिव्यांची एक अडचण होती. साधा बल्ब तापे, त्यामुळे प्लास्टिकची छत्री पिवळी पडे आणि एक्लिसेची धातूची वाटी फिरवताना बोटे भाजत. एलईडीने ती दूर केली. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड आता सुमारे नऊ वॅटमध्ये मिळतो आणि उष्णता फार कमी. बल्ब घेताना वॅटपेक्षा उजेडाचा रंग पाहावा. दुधी गोळ्यात २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हवा. ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब लावला की तेच झुंबर दवाखान्यातले वाटते, आणि हजारोंचा खर्च एका चुकीच्या बल्बने वाया जातो. परदेशी बनावटीच्या दिव्यांना बहुधा आट्यांचा ई-२७ होल्डर असतो, तर आपल्याकडील जुने होल्डर पिनांचे बी-२२ असतात. दिवा आणतानाच त्याचे बल्ब आणून ठेवावेत. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर बल्ब आणि डिमर दोन्ही त्यासाठीचेच लागतात, नाहीतर दिवा लुकलुकतो.

आपल्या हॉलमध्ये युरोपच्या छायाचित्रांत नसलेली एक वस्तू असते, छताचा पंखा. त्याच्या पात्यांच्या वर किंवा अगदी शेजारी मोठे झुंबर टांगले तर पात्यांच्या सावल्या भिंतीवर सतत फिरत राहतात आणि दहा मिनिटांत डोके दुखते. म्हणून स्पुटनिक झुंबराची जागा जेवणाच्या टेबलावर, टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण अडीच ते तीन फूट उंचीवर. पंखा असलेल्या बैठकीत भूछत्री दिवा किंवा भिंतीवरचा गोळा. छत साधारण साडेनऊ फुटांवर असते आणि फॉल्स सीलिंग केले की आणखी अर्धा फूट जातो. अशा हॉलमध्ये तीन फूट पसाऱ्याचे झुंबर उभ्या माणसाच्या डोक्याशी येते.

मापे इथे सर्वांत महत्त्वाची. बॉल खुर्चीची रुंदी सुमारे ११० सेंटिमीटर आणि उंची सुमारे १२० सेंटिमीटर. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये ती ठेवली की सोफ्यासमोरची वाट बंद होते. फ्लॅटचे मुख्य दार, लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण मोजल्याशिवाय तिची मागणी नोंदवू नये. उलट एका पायाचे गोल टेबल लहान फ्लॅटसाठी वरदान आहे. कोपऱ्यांचे पाय नसल्याने चौघांच्या टेबलावर पाचवा माणूस सहज सामावतो आणि खालून केर काढणे सोपे जाते. ॲना कास्तेल्ली फेर्रिएरीने १९६७ मध्ये केलेल्या कोंपोनीबिली या गोल, एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांना स्क्रूसुद्धा लागत नाही. पलंगाशेजारच्या दीड फुटाच्या जागेसाठी त्याहून नेटकी वस्तू क्वचितच सापडेल.

टांगती खुर्ची घ्यायची तर भार स्लॅबवर हवा, पीओपीवर कदापि नाही. झुलणाऱ्या माणसाचा भार त्याच्या वजनाहून जास्त पडतो. शिवाय काही उंच इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतात. ड्रिल त्यांना लागले तर धोका इमारतीला. बिल्डरचा नकाशा आणि सोसायटीच्या इंजिनिअरचा सल्ला घेतल्यावरच भोक पाडावे. एवढे नको असेल तर स्टँडवरची खुर्ची मिळते. ती जागा जास्त खाते, पण निर्धास्त झोप लागते.

एका खोलीत अशी एखादीच ठळक वस्तू शोभते. सोफा, टेबल, झुंबर, घड्याळ सगळेच १९६९ चे केले की घराचा सेट होतो, आणि सेटमध्ये पाहुणे पाय पसरून बसत नाहीत. नारिंगी फ्लॉवरपॉट दिवा आजीच्या सागवानी टेबलावर सर्वांत छान दिसतो, हे करून पाहण्यासारखे आहे.

स्थानिक सुतार गोलाई करतात ती वेगळ्या वाटेने. फ्लेक्सी प्लाय वाकवून किंवा जाड प्लायला मागून खाचा मारून बाक काढायचा, वर सनमायका किंवा पीयू रंग. बाक एकाच दिशेने असेल, जसे टीव्ही युनिटचे गोल टोक किंवा अर्धगोल बाजू, तर हे काम उत्तम होते. दोन्ही दिशांनी वळणारा कटोरा मात्र प्लायमध्ये होत नाही. त्यासाठी फायबरग्लासच लागते. मोटारींची आणि बसची अंगे फायबरग्लासमध्ये करणाऱ्या वर्कशॉपना हे काम येते. साचा एकदा करावा लागतो, म्हणून एका खुर्चीपेक्षा चार खुर्च्यांचा हिशेब बरा बसतो.

बाजारातील बहुतेक वस्तू प्रतिकृती आहेत. प्रतिकृती म्हणून विकत घेणे वेगळे, आणि मूळ कंपनीच्या नावाने तिची किंमत मोजणे वेगळे. मूळ वस्तूवर उत्पादकाची खूण असते आणि साच्याची रेघ घासून काढलेली असते. नकलेत वजन कमी, कडा पातळ आणि पायाचा व्यास लहान असतो, त्यामुळे एका पायाचे टेबल कडेवर हात टेकताच डोलते. घेताना एवढी एक चाचणी पुरते. जुन्या वस्तू हव्या असतील तर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे दुधी गोळे, क्रोमचे दांडे आणि स्पिनिंगच्या वाट्या कधीमधी हाती लागतात. तेथून आणलेल्या दिव्याची वायर आणि होल्डर इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण बदलून घ्यावेत, जुन्या वायरीवर मुळीच विसंबू नये.

राहिला हवेचा प्रश्न. पावसाळ्यातील दमट हवेत स्वस्त क्रोम प्लेटिंगवर बारीक ठिपके उठतात. पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस स्टील जास्त टिकते. जुना पॉलियुरेथेन फोम ओलाव्याने भुसभुशीत होऊन झडतो, म्हणून जुना सोफा घेतला की फोम नवा भरावा, सांगाडा जुना ठेवावा. पांढरे एबीएस प्लास्टिक पश्चिमेच्या उन्हात पिवळे पडते. बाल्कनीला लागून असलेल्या काचेच्या दारापाशी ते ठेवू नये. ॲक्रिलिकला कोरड्या फडक्याने चरे पडतात आणि स्पिरिटने तडे जातात. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसे. समई-उदबत्तीची काजळी दुधी काचेच्या वरच्या बाजूला बसते आणि वर्षभरात उजेड कळण्याइतका उतरतो, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत गोळे उतरवून धुवावेत. झुंबर घेताना दुकानदाराकडून त्याच मापाचे दोन गोळे जास्तीचे मागून घ्यावेत. नेमक्या त्याच मापाचा गोळा नंतर मिळत नाही, आणि एक गोळा फुटला की उरलेले सगळे झुंबर उघडे पडते.